आजेपाडव्याचं पाणी

अनुपमानं ताम्हण उचललं आणि त्यातलं पाणी सरळ अंगणात भिरकावून दिलं. आजेपाडव्याचं पाणी! लेकानं आजोबांच्या नावानं आत्ता सोडलेलं, हातातली पळी अजून ठिबकतेय, आणि ही बाई पदर खोचून माजघरातून काय येते, भटजींच्या पुढ्यातलं ताम्हण काय उचलते! पाणी गेलं ते थेट अंगणात भांडी घासत बसलेल्या बयाबाईच्या पाठीवर.

"अगो बाय माजे!" बयाबाई उडालीच. "माज्यावर कशाला वो वयनी? मी काय केलंय?"

दामूभटांचा मंत्र ओठातच राहिला. पाटावर बसलेला बाळ, एकवीस वर्षांचा घोडा, मुंबईत कॉलेजात शिकणारा, आईकडे बघतच राहिला. त्यानं आईला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं, मग हे तर फारच झालं.

प्रयागबाई देवघराच्या दारात घटासाठी माती कालवत होत्या. त्या उठल्या. डॉक्टर यज्ञेश्वर गद्र्यांची ही थोरली बहीण सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परतली होती, आणि तेव्हापासून महाडच्या बाजारपेठेतलं हे घर तिच्याच तालावर चालत होतं. तिच्या जिभेला अख्खी आळी वचकून असे. दवाखान्यातले पेशंट डॉक्टरांना घाबरत नसत, पण मागच्या पडवीतून प्रयागबाईंचा खोकला ऐकू आला की खाटेवर सरळ बसत.

"अनुपमा! डोकंबिकं फिरलं काय तुझं?" प्रयागबाईंचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, पण त्याचंही भान राहिलं नाही. "पितरांचं पाणी आहे ते! वर्षातून एक दिवस मिळतं बिचाऱ्यांना. आणि तू ते भांडी घासणारीच्या पाठीवर फेकलंस?"

त्यांचं खोटं नव्हतं. ज्याचे वडील हयात आहेत त्या मुलाला पितरांना पाणी द्यायचा अधिकार नाही. त्याला आश्विनातला हा पहिला दिवस तेवढा मोकळा. आईच्या वडिलांना त्यानं पाणी द्यायचं, म्हणून तर ह्याला आजेपाडवा म्हणतात. पोरगा मुंबईहून एसटीनं धक्के खात आला होता तो ह्यासाठीच. प्रयागबाईंनीच पत्र घालून बोलावलं होतं.

"भटजी काय नाव घेतात?" अनुपमा म्हणाली. बोलणं स्पष्ट होतं. "सांगा ना वन्सं. कोणाच्या नावानं पाणी सोडलं माझ्या मुलानं?"

"कोणाच्या म्हणजे? विष्णुपंतांच्या! तुझ्या वडलांच्या!"

"ते माझे वडील नव्हेत."

प्रयागबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. विष्णुपंत वडील नव्हेत हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? अहो, ती कल्पना मुळात त्यांचीच. यज्ञेश्वर डॉक्टरकी शिकायला व्हिएन्नाला गेला आणि अडतीस साली येताना बायको घेऊन आला. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, नाव हाना. महाडात नुसता गहजब झाला. तेव्हा प्रयागबाईंनी कंबर कसली होती. रजिस्टरातलं लग्न मला चालायचं नाही म्हणाल्या, अग्नीपुढे लागलं पाहिजे. पण कन्यादान कोण करणार? मुलीचे आईबाप सातासमुद्रापार. मग पोलादपूरचे विष्णुपंत मास्तर आणि येसूबाई, पोटी मूल नसलेलं जोडपं, पुढे आलं. त्यांनी हानाला मांडीवर घेतलं, लेक म्हटलं, आपलं काश्यप गोत्र दिलं आणि यज्ञेश्वरच्या हाती सोपवलं. ताटात तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं गेलं, अनुपमा. बाळ शाळेत असताना विष्णुपंत गेले. त्यांना पाणी देणारं मागे कोणी नाही, म्हणून प्रयागबाईंनी बाळला पाटावर बसवलं, आणि तेव्हापासून दर आजेपाडव्याला हेच नाव, हेच गोत्र.

"ज्यानं मांडीवर घेतलं तो बाप नव्हे?" प्रयागबाई कडाडल्या. "पोलादपूरच्या ब्राह्मणांनी त्या माणसाला दोन वर्षं वाळीत टाकलं होतं तुझ्यापायी! दर दिवाळीला तुला माहेरची साडी धाडत होता तो. आणि आता त्याचं पाणी उकिरड्यावर?"

"त्यांचं मी कधी विसरणार नाही. त्यांना वेगळं पाणी द्या, हजारदा द्या. पण विष्णुपंत आपल्या घरात, आपल्या खाटेवर, येसूबाईंच्या हातची पेज पिऊन गेले. माझ्या बापाला ठार मारलं, वन्सं. आणि त्याच्या जागी दर वर्षी तुम्ही दुसऱ्याचं नाव घालता, आणि मी आत बसून खीर ढवळते!"

एवढ्यात पुढच्या दवाखान्यातून डॉक्टर आले, गळ्यात नळी तशीच. त्यांनी बायकोकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं, ओल्या बयाबाईकडे पाहिलं, आणि काय झालं असेल ते त्यांना न विचारता कळलं. प्रयागबाईंनी ते टिपलं. माणसाला आश्चर्य वाटलं नाही की समजावं, त्याला आधीपासून काहीतरी ठाऊक आहे.

"अनुपमा, आत चल," डॉक्टर हळूच म्हणाले.

"नाही."

"पेशंट बसलेत बाहेर. बयाबाई बघतेय."

"बघू दे की! तेवीस वर्षं आतच आहे मी!"

मराठी अनुपमा शिकली ती प्रयागबाईंकडून, चुलीपुढे बसून. त्यामुळे ती कधी नव्हे ती चिडली तर शब्द प्रयागबाईंचे आणि ठसकाही त्यांचाच. आपलीच जीभ समोरून आपल्यावर चालून येतेय हे बघून प्रयागबाई एक पाऊल मागे सरल्या.

अनुपमा बाळकडे वळली.

"काल जेवताना काय म्हणालास तू?"

बाळ गोंधळला. "काल? काय म्हणालो?"

प्रयागबाईंना मात्र आठवलं. काल सर्वपित्री अमावास्या. पान वाढलेलं, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग. बाळ मुंबईच्या गप्पा सांगत होता. लढाईत निरपराध माणसं मारायला धाडणाऱ्या त्या जर्मन अधिकाऱ्यावर जेरुसलेमला खटला चाललाय, आता निकाल यायचाय, पेपरात येतं, कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं त्याच्यावरच वाद घालतात. आणि मग वडा मोडता मोडता म्हणाला, लाखो माणसं होती म्हणे, पण एकानं हात उगारला नाही, मेंढरांसारखी गेली. अनुपमा तेव्हा खीर वाढत होती. पळी वाटीच्या बाहेर गेली आणि खीर पाटावर सांडली. प्रयागबाई म्हणाल्या, अगं लक्ष कुठे आहे तुझं? डॉक्टर मान खाली घालून जेवत राहिले.

"मेंढरं म्हणालास," अनुपमा म्हणाली. "त्यातलं एक मेंढरू म्हणजे तुझे आजोबा. माझे बाबा. दुसरं माझी आई. तिसरा लिओ, तुझा मामा. तेव्हा तुझ्यापेक्षा थोडासाच मोठा होता. अजून सांगू? मावशी, काका, काकांच्या मुली? कळप मोठा होता आमचा!"

बाळचं तोंड पांढरं पडलं. "पण ते तर... लढाईत, घरावर बॉम्ब पडला ना?"

"तो बॉम्ब तुझ्या अप्पांनी टाकला. ह्याच घरात. जेवायच्या पानावर."

डॉक्टर पडवीच्या खांबाला टेकले. "मी तिच्यासाठी केलं, अक्का," ते बहिणीला म्हणाले, जणू खटला तिच्यापुढे चालला होता. "लढाई संपल्यावर रेडक्रॉसकडून कळलं. ही रात्र रात्र ओरडायची. भिंतीवर डोकं आपटायची. पोरगं सहा वर्षांचं, त्याला काय सांगायचं? म्हटलं, बॉम्ब सांगू. बॉम्ब कोणालाही समजतो. पुढे विषय काढला नाही तर हळूहळू विसरेल."

"म्हणजे सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर हिला महिनाभर ठेवली होतीस ती ह्यासाठी?" प्रयागबाईंचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की आळीत जास्तच भीती पसरे. "मला सांगितलंस सांधे धरलेत. मी इकडून एरंडेल पाठवत होते! मेल्या, एरंडेल!"

"अक्का, मी..."

"मलाही बॉम्बच सांगितलास! मी कोण लागते रे तुझी? शेजारीण? तुझ्या बायकोचं माहेर सगळं कापून काढलं आणि मी तिला विचारतेय, कढीत मीठ का जास्त पडलं!"

"कोणी विचारलं असतं, कोणी बोललं असतं, तर तिला पुन्हा..."

"गप्प बसा!" अनुपमा नवऱ्यावर ओरडली. जन्मात पहिल्यांदा. "मी हो म्हणाले होते, खरंय. तुम्ही म्हणालात, सध्या नको बोलूया. मी म्हटलं, बरं, एक वर्ष. एक वर्ष म्हटलं होतं मी! तुम्ही ते पंधरा वर्षं ओढलंत. पेपरात खटल्याचं यायला लागलं तर पेपर दवाखान्यातच ठेवायला लागलात. मला वाटलं, विसरलेत बहुतेक. पण तुम्ही विसरला नव्हता. तुम्हाला फक्त घर शांत हवं होतं."

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून खिशात कोंबली. मनानं वाईट माणूस नव्हता तो. गरिबाकडून पैसे घ्यायचा नाही, भर पुरात सावित्रीपलीकडे होडीतून बाळंतपणाला जायचा. पण चांगल्या माणसाच्या चांगुलपणाखाली आपण कसे चिरडले जातो हे ज्याचं त्याला ठाऊक, आणि त्यावर ओरडायचीही सोय नसते, कारण ऐकणारा म्हणतो, अहो, किती जपतात तुम्हाला!

"आणि तो तुमचा वकील," अनुपमा थांबायला तयार नव्हती. "दर रविवारी चहाला येतो. हिटलरनं इंग्रजांची कशी जिरवली, असा माणूस आपल्याकडे पाहिजे होता, म्हणत मांडीवर थाप मारतो. आणि मी त्याला चहा देते. साखर किती विचारते! तुम्ही एकदा म्हणाला नाहीत, वकीलसाहेब, माझ्या घरात हे नाव काढू नका. एकदाही नाही!"

प्रयागबाईंना ते रविवार डोळ्यांसमोर दिसले. त्या स्वतः दाराआड बसून वाती वळत ते बोलणं ऐकत असत. वकील बोलतो फर्मास, असंही कधी म्हणाल्या होत्या. ते आठवून त्यांना इतका संताप आला की वकील त्या वेळी समोर असता तर घटाची सगळी माती त्याच्या टोपीत गेली असती.

"आई," बाळ पाटावरूनच म्हणाला. "कसं झालं? मला सांग. खरं सांग."

आणि अनुपमा पडवीच्या जोत्यावर बसली आणि तिनं सांगितलं. रडली नाही. रडली असती तर ऐकणाऱ्यांना सोपं गेलं असतं.

तिचे बाबा छत्र्या करायचे. व्हिएन्नात लहानसं दुकान, पुढे दुकान, मागे घर. ज्यू माणसं. "ज्यू म्हणजे आपले ते रेवदंड्याकडचे, शनिवार पाळणारे तेली?" प्रयागबाईंनी मध्येच विचारलं. हो, तोच देव, तोच शनिवार. अडतीस साली जर्मन शिरले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना ओढून रस्त्यावर आणलं आणि गुडघ्यांवर बसवून ब्रशनं फरशी घासायला लावली. भोवती माणसं उभी होती. परकी नव्हेत, ओळखीची. घरी पत्र टाकणारा पोस्टमन होता. जिच्या छत्र्या बाबांनी फुकट शिवून दिल्या ती म्हातारी होती. सगळे हसत होते. लिओनं पुढे होऊन बाबांना उठवायला हात दिला तर त्याचे दात पाडले.

"हात उगारला नाही म्हणालास ना?" ती बाळला म्हणाली. "हात द्यायला गेला तर ही गत, मग उगारायचं काय बोलतोस!"

बाळनं मान खाली घातली.

त्या वर्षी ती यज्ञेश्वरबरोबर बोटीवर चढली. मागून सगळ्यांना बोलावून घेऊ, असं ठरलं होतं. कागद झाले नाहीत, मग लढाई पेटली, मग पत्रं थांबली. बेचाळीस साली त्यांना आगगाडीत घातलं. कामावर नेतोय, म्हणून सांगितलं होतं. बाबांनी घराला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली, परत यायचं म्हणून. गाडी मिन्स्क नावाच्या गावाला गेली. तिथल्या रानात खड्डे आधीच खणून ठेवले होते. शेजारची एक मुलगी कशीबशी वाचली, तिनं हे रेडक्रॉसकडून कळवलं.

दामूभटांनी उपरण्यानं तोंड पुसलं. अंगणात बयाबाई राखेचे हात तसेच धरून बसली होती. "कसली रं ही मानसं म्हनायची," ती पुटपुटली, "म्हाताऱ्याला खड्ड्यात घालत्यात!"

आणि मग प्रयागबाई भडकल्या. आत्तापर्यंतचं काहीच नव्हे. भडकल्या त्या यज्ञेश्वरवर, वकिलावर, त्या न पाहिलेल्या पोस्टमनवर, त्या छत्रीवाल्या म्हातारीवर, सगळ्यांवर एकदम.

"परवा घातचतुर्दशी होती!" त्या ओरडल्या. "शस्त्रानं मेलेल्यांची तिथी! कडेलोट झालेले, बुडालेले, कापलेले, सगळ्यांना त्या दिवशी पान मिळतं. परवाच होऊन गेली आणि हिच्या माणसांना कोणी उपाशी आहात का विचारलं नाही! आणि काल? यज्ञा, काल महालयात सासऱ्याचं नाव कोणाचं घेतलंस?"

"विष्णुपंतांचं."

"मेहुण्याचं?"

डॉक्टरांनी तोंड खांबाकडे फिरवलं.

"मेहुणाच नव्हता तुला, नाही का? गद्र्यांच्या पिढ्याच्या पिढ्या घडाघडा म्हणालास. चुलत पणजोबाची निपुत्रिक बहीण आठवली तुला! गुरू झाले, मित्र झाले, गोठ्यातली मेलेली कपिला गाय धर्मपिंडात धरलीस. गाईला जागा होती! आणि जो पोरगा बापाला उठवायला गेला आणि दात पाडून घेतले, त्याला भाताचं शीत नाही?"

"अक्का, पुरे."

"पुरे काय? अजून सुरू कुठे केलंय मी?" त्या भटजींकडे वळल्या. "दामूभट, पाट सोडू नका. ताम्हण धुऊन आणते मी. पहिल्यापासून करायचं."

दामूभट चाचरले. वाईट माणूस तोही नव्हे, पण पोट त्याचं पोथीवर. "प्रयागताई, तुमचं म्हणणं मनाला पटतं हो. पण धर्म वेगळा. गोत्र नाही, प्रवर नाही. ही नावं संकल्पात कशी बसवू? शास्त्राला..."

"ज्याला गोत्र नाही त्याला काश्यप, हे तुम्हीच सांगता ना लोकांच्या लग्नामुंजीत? तेव्हा दक्षिणेसाठी ते गोत्र चालतं ना? मग आता मेलेल्या माणसालाही चालेल."

"वन्सं," अनुपमा म्हणाली. "मला पाणी नकोय. खरंच नकोय. बाबा हसले असते ह्याला. ते देवळातसुद्धा आईच्या धाकानं जायचे. मला एवढंच पाहिजे की त्यांचं नाव घ्या. माझ्या मुलाच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला. मी उद्या मेले तर जगात ते नाव माहीत असलेलं कोणी नाही. एक माणूस नाही!"

"अगं, आमच्यात नाव पाण्याबरोबरच घेतात," प्रयागबाई म्हणाल्या. "दुसरी रीत मला येत नाही. मी काय करू?"

अनुपमानं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

प्रयागबाईंनी स्वतः ताम्हण घासलं, हात धुतले, कळशीतलं ताजं पाणी तांब्यात भरलं. डॉक्टर जायला वळले तर म्हणाल्या, "कुठे निघालास? पेशंट थांबतील. तू इथे उभा राहा आणि ऐक." डॉक्टर खांबाला धरून उभे राहिले. बाळनं धोतराचा सोगा सारखा केला आणि उजवा तळवा ताम्हणावर धरला.

"आईच्या वडलांचं नाव?" दामूभटांनी विचारलं.

"इमानुएल," अनुपमा म्हणाली.

दामूभट एकदा अडखळले, मग त्यांनी ते संस्कृताच्या चालीत कसंबसं बसवलं. बाळनं मात्र चाल सोडून सरळ उच्चारलं, आईनं जसं उच्चारलं होतं तसं. "इमानुएल." अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी खाली पडलं. अनुपमानं डोळे मिटले. ओठ घट्ट दाबले होते.

"त्यांच्या वडलांचं?"

"याकोब. तेही छत्र्याच करायचे. त्यांना मी पाहिलंय. दाढीला तंबाखूचा वास यायचा."

"याकोब," बाळ म्हणाला. पाणी पडलं.

"आता त्यांच्या वडलांचं. तीन पिढ्या लागतात," दामूभट म्हणाले.

अनुपमानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तिनं कपाळावर हात ठेवला. डोळे इकडेतिकडे फिरले, जसं घरात काहीतरी ठेवलंय आणि सापडत नाही. "थांबा हं," ती म्हणाली. "रोझा मावशी सांगायची. मोराव्हियातून आले होते, पाठीवर गाठोडं घेऊन... तिला सगळं तोंडपाठ. शुक्रवारी जेवण झालं की सुरू करायची, कोण कोणाचा, कोणाची सोयरीक कुठली. लिओ आणि मी टेबलाखालून लाथा मारायचो एकमेकांना. कंटाळा यायचा आम्हाला! थांबा... आठवतंय मला..."

तिला आठवत नव्हतं. ते सगळ्यांना कळलं, तिला सर्वांत शेवटी.

"कोणाला विचारू?" ती म्हणाली. आधी हळू, मग डॉक्टरांकडे वळून, मग प्रयागबाईंकडे वळून. "मावशीला विचारू? तिलाही त्याच गाडीत घातलं. काकांना विचारू? आईला? सांगा ना, कोणाला विचारू मी?"

सात पिढ्या तोंडपाठ असलेल्या प्रयागबाईंनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो झटकून टाकला.

दामूभटांनी घसा साफ केला. त्यांना खरोखरच मदत करायची होती. "काळजी नको हो वहिनी. शास्त्रात ह्याची सोय आहे. नाव ठाऊक नसेल तर अज्ञातनाम म्हणतात. अज्ञातनाम म्हटलं की पोचतं."

"अज्ञात?" अनुपमा उभी राहिली. "अज्ञात नव्हते ते! त्यांना नाव होतं. आईनं ठेवलेलं, गल्लीतल्या माणसांना माहीत असलेलं. ते नाव ज्यांना ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांना मारून टाकलंय, भटजी! अज्ञात नाही म्हणायचं! जे झालं ते म्हणा. माणसं मारली म्हणून नाव गेलं, असं म्हणा. म्हणा संस्कृतात!"

दामूभटांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण पोथीत असं काही नव्हतं. पोथी लिहिणाऱ्यांच्या ते डोक्यातच आलं नसावं, त्याला ते बिचारे काय करणार.

"राहू दे तुमचं संस्कृत," प्रयागबाई म्हणाल्या. "बाळ, तू म्हण. मराठीत म्हण."

बाळनं तळव्यात पाणी घेतलं. एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"माझ्या आईच्या पणजोबांना," तो म्हणाला, "ज्यांचं नाव माहीत असलेली सगळी माणसं ठार मारली, त्यांना हे पाणी."

पाणी ताम्हणात पडलं.

"हळू म्हणालास," अनुपमा म्हणाली. "पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा पाणी घेतलं आणि पुन्हा म्हटलं. ह्या वेळी आवाज चढला.

"अजून मोठ्यानं."

बाळ ओरडला. पोराचा आवाज फाटला, गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण शब्द एक गाळला नाही. पुढच्या खोलीत बाकावर बसलेले पेशंट उठून दाराशी आले. बाजाराला निघालेली माणसं अंगणाच्या कुडापाशी थांबून आत डोकावू लागली. डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, "अगं, लोक जमले."

"जमू देत," प्रयागबाई म्हणाल्या. "बाळ, म्हण."